सांगलीतलं लहान बाळांचं आयसीयू, आमचा अनुभव

वहिनीची डिलिव्हरी नॉर्मल झाली पण दुसऱ्या दिवशी बाळाच्या पायावर बारीक लाल ठिपके दिसले, टाचणी टोचल्यासारखे. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फक्त १८ हजार, पाहिजेत दीड लाखाच्या वर. लगेच इथं हलवलं. डेंग्यू सोडून पण प्लेटलेट कमी होतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी रात्री साडेअकराला कागदावर चित्र काढून सांगितलं, की बाळाच्या प्लेटलेटवर वडिलांकडून आलेला, रक्तगटासारखा एक प्रकार असतो, तो आईकडे नसतो, मग आईचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि त्या वारेतून बाळात जातात, आईच्या स्वतःच्या प्लेटलेट मात्र एकदम नॉर्मल. पहिल्या बाळंतपणात पण होऊ शकतं. आजी वहिनीलाच "काय खाल्लंस गं" म्हणून बोलत होत्या, त्यांना समोर बसवून सांगितलं की पोरीची काही चूक नाही. हे मला सगळ्यात भारी वाटलं. प्लेटलेट चढवल्या, आयव्हीआयजी (निरोगी लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडींचं, शिरेतून द्यायचं औषध) दिलं, डोक्याची सोनोग्राफी केली, मेंदूत रक्तस्राव नव्हता. आठव्या दिवशी ९५ हजार! आयव्हीआयजी महाग पडतं, आणि नातेवाईकांना रात्री बसायला जागा नाही, आम्ही जिन्यात बसलो. पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच दाखवायला या, असं फाईलवर लाल पेनानं लिहून दिलंय.