लेब्रॉन 2010 की ड्युरंट 2016?

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, करार संपलेला मोठा खेळाडू गळाला लागणं म्हणजे काय, याची ही दोन उदाहरणं: 2010 मध्ये मायामीला गेलेला लेब्रॉन जेम्स आणि 2016 मध्ये गोल्डन स्टेटला गेलेला केविन ड्युरंट. कुणाचा करार सरस?

2010 मध्ये मायामी हीट संघाने आधी घर रिकामं केलं. आपला खेळाडू मायकल बीझली याला मिनेसोटा संघाकडे धाडलं, पगाराच्या मर्यादेत (संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा, याची लीगने घातलेली मर्यादा) जागा केली आणि वेड, बॉश, लेब्रॉन या तिन्ही बड्या खेळाडूंनी थोडे कमी पैसे घेतले. बाकी संघ मिळेल त्या स्वस्त खेळाडूंनी भरला. ते दिसलंही: पहिल्या 17 सामन्यांत 9 विजय, 8 पराभव. बॉल लेब्रॉनकडे असला की वेड नुसता उभा, आणि उलटही तेच. त्या मोसमाच्या अंतिम फेरीत डॅलसने त्यांना हरवलं. मग 2012 आणि 2013 ची विजेतेपदं आली.

गोल्डन स्टेटचं उलट. आधीच्या एका मोसमात 73 सामने जिंकलेला संघ तयारच होता. नशीबही असं, की नेमक्या त्याच वर्षी, 2016 मध्ये, टीव्हीच्या नव्या करारामुळे पगाराची मर्यादा 7 कोटींवरून 9 कोटी 41 लाख डॉलरवर गेली. बार्न्स आणि बोगट गेले, ड्युरंट आला. करी, थॉम्पसनसारखे लांबून अचूक बास्केट करणारे भोवती असताना त्याला दोघांनी घेरायचं तरी कसं? 2017, 2018 दोन्ही विजेतेपदं, दोन्ही वेळा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच. 2019 मध्ये टाचेमागचा स्नायुबंध तुटला आणि तो ब्रुकलिन संघाकडे गेला.

निव्वळ हिशेबाने ड्युरंटचाच करार सरस. पण बघायला मला मायामीच आवडली. तिथे निदान हरण्याची भीती तरी होती.