फास्ट कॅट, बार्न हंट की नोजवर्क? भित्र्या कुत्रीसाठी मी काय निवडलं

अमेरिकेत पाळीव कुत्र्याला त्याच्या उपजत वृत्तीच्या खेळात उतरवायचं ठरवलं की तीन नावं हमखास पुढे येतात: फास्ट कॅट (पिशवीमागे धावणं), बार्न हंट (पेंढ्यात दडवलेला उंदीर शोधणं) आणि नोजवर्क (लपवलेला वास हुंगून शोधणं). आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमच्या चिंगीला या तिन्हींकडे घेऊन गेलो आहोत. चिंगी दक्षिणेकडच्या एका राज्यातून, निवाऱ्यामार्फत आमच्याकडे आली. अंगाने बीगल, तोंडावर टेरियरचे राठ केस, स्वभाव भित्रा. माझं मत तिच्यावरून बनलेलं आहे. तुमचं कुत्रं वेगळ्या स्वभावाचं असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकतं.

मेंढ्या हाकण्याच्या चाचणीचा विचार आम्ही लवकरच सोडून दिला. ती मुख्यतः बॉर्डर कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा हाकणीच्या जातींसाठी असते. आपल्याकडे धनगरांच्या तळावर कुत्री दिसतात, त्यामुळे हे काम कुठल्याही कुत्र्याला जमेल असं वाटतं. पण ती कुत्री लांडग्यापासून कळपाची राखण करतात, कळप वळवणं हे निराळं काम आहे. टेरियर आणि डॅक्सहुंड असणाऱ्यांना जमिनीतल्या बोगद्यांचा अर्थडॉग हाही पर्याय आहे. तो मी केलेला नाही, म्हणून इथे धरत नाही.

फास्ट कॅट सुरू करायला सगळ्यात सोपं. १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर सरळ मैदान, दोरीवर पळणारी पांढरी प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यामागे कुत्रं. अमेरिकन केनेल क्लबने २०१६ साली हा प्रकार सुरू केला. मिश्र जातीच्या कुत्र्यांनाही नोंदणी करून उतरता येतं, वय मात्र किमान १२ महिने हवं. गुण देण्याची पद्धत मला मनापासून आवडते. ताशी मैलांतला वेग घ्यायचा आणि उंचीप्रमाणे गुणायचा: खांद्यापाशी १८ इंच किंवा जास्त असेल तर १ ने, १२ किंवा त्याहून जास्त पण १८ पेक्षा कमी असेल तर दीडने, १२ पेक्षा कमी असेल तर २ ने. १५ इंची कुत्रं ताशी २० मैलांनी धावलं तर एका धावेत ३० गुण. १५० गुणांना पहिला किताब. ग्रेहाउंडच्या शेजारी आखूड पायांच्या कुत्र्यालाही मान मिळतो तो यामुळे.

शिकवावं लागतं ते जवळजवळ काहीच नाही. चिंगी कान मागे टाकून सुटली तेव्हा पलीकडच्या टोकाला तिला धरायला उभ्या असलेल्या माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी भिंतीच्या कडेकडेने चालणारं जनावर मैदानाच्या मधोमध धावत होतं. सोडायला एक आणि धरायला एक अशी दोन माणसं लागतात, तेव्हा एकटे जाणार असाल तर आधीच कुणाला तरी विचारून ठेवा.

माझा निर्णय ज्या गोष्टीवरून झाला ती मात्र धावण्याच्या आधीची आहे. ती म्हणजे रांग.

आपला क्रमांक जवळ आला की कुत्र्याला घेऊन सुरुवातीच्या रेषेकडे यावं लागतं. पुढे काही पावलांवर एक कुत्रं, मागे दुसरं, आणि सगळ्यांच्या नजरेसमोरून दर थोड्या वेळाने ती पिशवी सुसाट जाते. ती निघाली की रांगेतली सगळी कुत्री एकदम कंठशोष करू लागतात, पट्टे ताणून मागच्या दोन पायांवर उभी राहतात. त्यांच्या दृष्टीने तो आनंदच असतो. आयोजकांनाही मी बोल लावणार नाही, ते कुत्र्यांमध्ये अंतर ठेवायला सतत सांगत असतात. पण चिंगी माझ्या पायांत शिरून बसायची, शेपूट पोटाखाली, धाप अशी की धावून आल्यासारखी. पुढची दहा-बारा सेकंदं सोन्यासारखी जायची. मग घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत दाराच्या आवाजाला दचकणं, ताटलीतलं तसंच ठेवणं. आणखी एक व्याप मागे लागला तो रस्त्यावरच्या पिशव्यांचा. वाऱ्यावर उडणारी पिशवी दिसली की चिंगी पट्ट्याला असा हिसका द्यायची की खांदा दुखून यायचा. सगळ्याच कुत्र्यांचं असं होत असेल असं मी म्हणत नाही. आमच्या ओळखीची एक व्हिपेट (ग्रेहाउंडसारखीच पण लहान जात) रांगेतही खुशाल असते आणि घरी जाऊन गाढ झोपते. पण दहा सेकंदांच्या आनंदासाठी एवढी घालमेल चिंगीने का सोसावी, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

बार्न हंटमध्ये ही घालमेल बरीच कमी आहे. रॉबिन नटॉल यांनी २०१३ साली सुरू केलेला हा खेळ. पेंढ्याच्या गठ्ठ्यांची रचना, त्यात दडवलेल्या नळ्या, एखाद्या नळीत जिवंत उंदीर. कुत्र्याने तो शोधायचा आणि मालकाने कुत्र्याचा आविर्भाव ओळखून तसं सांगायचं. अगदी पहिल्या चाचणीत तीन नळ्या समोरच ठेवतात: एकीत उंदीर, एकीत नुसता उंदराच्या अंथरुणाचा भुसा, एक रिकामी. वेळ एक मिनिट. पुढच्या पायरीवर दोन मिनिटांत उंदीर शोधणं, गठ्ठ्यावर चारी पाय टेकवून चढणं आणि बोगद्यातून जाणं, तिन्ही करायचं. बोगदा १८ इंच रुंद असतो. त्यात मावणाऱ्या कुठल्याही जातीच्या कुत्र्याला भाग घेता येतो.

उंदराचं काय, हा प्रश्न आपल्या घरात कुणीतरी विचारतंच. आमच्याकडेही निघाला. नळ्या जाड, हवेशीर आणि दोन्ही बाजूंनी बंद असतात, उंदीर माणसाळलेले असतात आणि कुत्र्याने नळी शोधल्यावर एक स्वयंसेवक ती लगेच उचलून घेतो. मी पाहिलेला एक उंदीर तर आत बसून निवांत तोंड धूत होता. ज्यांना तरीही पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

चिंगीतल्या टेरियरला हा खेळ फार आवडला. आतला उंदीर हलला की तिचं सगळं अंग ताठ व्हायचं, आणि ते वाचायला मी शिकलो ते तिथेच. अडचण एवढीच की घरी काही करता येत नाही. उंदीर, गठ्ठे, नळ्या सगळं तिथे, गाडीने जाऊन यायला अर्धा दिवस, आणि परत आल्यावर पुढच्या वेळेपर्यंत चिंगी पुन्हा सोफ्याच्या मागे. शिवाय पेंढ्याची धूळ मला सोसत नाही. तुम्हाला धुळीचं वावडं नसेल आणि जवळपास सराव देणारी जागा असेल, तर माझ्या यादीत बार्न हंट दुसरं आहे आणि पहिल्यापासून फार लांब नाही.

नोजवर्क ही बॉम्ब आणि अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्यांच्या कामाची घरगुती आवृत्ती. रॉन गॉन्ट, एमी हेरॉट आणि जिल मरी ओब्रायन या तिघा प्रशिक्षकांनी ती दक्षिण कॅलिफोर्नियात घडवली. इथे शोधायच्या जागेत एका वेळी एकच कुत्रं असतं, बाकीची आपापल्या गाडीत थांबतात. रांग नाही. चिंगीला पहिल्यांदा नेलं तेव्हा ती दाराशी थबकली, जमिनीवरचे खोके लांबून हुंगले आणि मग तिचं नाक तिला पुढे घेऊन गेलं. कुणी भुंकत नव्हतं, कुणी वेळ मोजत नव्हतं. तिने पहिल्यांदा अनोळखी खोलीत शेपूट वर केली ती तिथे. घरी येताना गाडीतच झोपली आणि रात्री ताटली चाटून पुसून साफ केली. माझ्यासाठी प्रश्न बहुतेक तिथेच सुटला.

सुरुवात खाऊने होते. उघड्या खोक्यांपैकी एकात खाऊ ठेवायचा, कुत्र्याला सोडायचं आणि आपण गप्प राहायचं. 'शोध, शोध' म्हणत बोट दाखवायचा मोह आवरणं हेच मालकाचं मोठं शिक्षण. खोक्यांत रुळलं की बर्च झाडाच्या तेलाचा वास जोडतात. वास ओळखण्याच्या चाचणीत १२ खोके आणि ३ मिनिटं असतात. मग पहिल्या पातळीला बर्च, दुसरीला त्यात अनीस (बडीशेपेसारखा वास), तिसरीला लवंग. शोध खोक्यांत, खोलीत, उघड्यावर आणि गाड्यांच्या बाहेरच्या बाजूला.

लवंग शेवटी येते हे आपल्या स्वयंपाकघराच्या दृष्टीने बरंच आहे. घरी गोडा मसाला भाजला त्या दिवशी चिंगी मसाल्याच्या कपाटासमोर बसून माझ्याकडे अगदी प्रामाणिकपणे बघत राहिली. तिचं बरोबरच होतं. त्यामुळे लवंगेचा सराव मी स्वयंपाकघरापासून लांब, तळघरात ठेवतो. तेल लावलेले कापसाचे तुकडे चिमट्याने धरायचे, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचे. नाहीतर वास हाताला, हातावरून दाराच्या मुठींना लागतो आणि कुत्र्याला सगळं घरच बरोबर वाटू लागतं.

नोजवर्कचे तोटे आहेत. स्पर्धेच्या दिवशी गाडीतच बसून राहावं लागतं, आणि उन्हाळ्यात गाडी थंड ठेवायला सावलीचं कापड, पंखे असा सगळा जामानिमा लागतो. फास्ट कॅटच्या मानाने शुल्क जास्त, आणि प्रवेश मागणारे बरेच असले की सोडत काढतात. बघायला आलेल्या पाहुण्यांना फास्ट कॅटसारखी मजाही येत नाही. तुमचं कुत्रं धीट, तरुण, पायाने धडधाकट असेल आणि गर्दीत खुलत असेल, तर मी त्याला खुशाल पिशवीमागे सोडेन. वय झालेलं, सांध्यांनी अधू किंवा बुजरं असेल तर मात्र माझा कौल नोजवर्कला.

पुण्या-नाशिकच्या वाचकांपैकी कुणाकडे कारवानी असेल तर धावण्याचा मोह होणारच, ती जातच त्यासाठी घडली आहे. पण सशामागे सोडणं ही शिकार ठरते आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला बंदी आहे, तेव्हा कुंपण असलेल्या मैदानात दोरीवरची पिशवीच बरी. फ्लॅटमधल्या गावठी कुत्र्यासाठी नोजवर्कला मैदानही लागत नाही. वाण्याकडचे पाच-सहा रिकामे खोके आणि उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे पुरतात. पहिले काही दिवस खोके जमिनीवरच ठेवा, खाऊ सापडला की त्याच खोक्यात आणखी एक तुकडा टाका, आणि कुत्रं अजून शोधायला उत्सुक असतानाच खोके उचलून ठेवा.