गच्चीवर सोलर, घरात बॅटरी की दोन्ही? कोल्हापूरच्या घरासाठी हिशेब

कोल्हापुरात सोलर बसवायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात दोन वेगळ्या काळज्या एकत्र कालवलेल्या असतात. एक लाइट बिलाची. दुसरी, २०१९ च्या महापुरासारखं पुन्हा झालं आणि लाइट गेली तर काय, ही. विकणाराही त्या वेगळ्या करून देत नाही, कारण एकाच वस्तूत दोन्ही खपवता येतात. साधं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेलं, पहिल्या काळजीवर चोख चालतं. दुसरीवर त्याचा उपयोग शून्य.

कारण लाइट गेली की ऑन-ग्रिड सोलरही बंद पडतं, डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी. तो बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून उलट आलेल्या करंटचा झटका बसू नये, म्हणून ग्रिड गेल्याचं ओळखून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र) स्वतःला तोडून घेतो. हे आधी कोणी सांगत नाही आणि पहिल्यांदा लाइट गेल्यावरच कळतं. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

बिल हीच काळजी असेल तर

आधी वर्षभराची बिलं काढा आणि महिन्याला किती युनिट जळतात ते बघा. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० ला दुसरा, मग ५०० पर्यंत तिसरा. पहिल्यातून दुसऱ्यात गेलं की दर दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे ८०-९० युनिटवर भागणाऱ्या घराला सोलरची घाई नाही. अडीचशे-तीनशे जाळणाऱ्या घराला आहे.

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. ३ किलोवॅटचे महिन्याला साडेतीनशेच्या घरात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे ३ च्या पुढे सरकार एक रुपयाही वाढवत नाही. फ्लॅट असेल तर एकट्याने धडपडू नका; सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात.

‘घ्या की ५ चं, पुढं एसी घ्यायचाच हाय’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे तुम्ही लाइनला दिलेली वीज बिलातून वजा होते त्या पद्धतीत, जास्तीची युनिटं खात्यावर जमा राहतात, पण ३१ मार्चला हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटांना मिळणारा दर तुम्ही विकत घेता त्या दरापुढे किरकोळ असतो. आपल्याकडे हे आणखी नडतं. एप्रिल-मेच्या उन्हातली शिल्लक जून ते सप्टेंबरच्या ढगाळ महिन्यांत वापरून होते, ते उत्तमच. पण फेब्रुवारी-मार्चचं कडक ऊन ऐन हिशेबाच्या तोंडावर येतं आणि स्वस्तात जातं. त्यामुळे वर्षाच्या वापरापेक्षा थोडं कमीच बसवावं. बिलातला स्थिर आकार, वापर कितीही असो, मात्र सुटत नाही. ‘शून्य बिल’ हे जाहिरातीपुरतं.

साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहत असाल तर आणखी एक. गाळप सुरू झालं की गच्चीवर काळी काजळी उतरते. वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते तीच पॅनलवर बसते, आणि नेमकी पाऊस नसलेल्या महिन्यांत. पाण्याचा नळ गच्चीपर्यंत नेलेला नसेल तर तो खर्चही यातच धरा.

अंधाराची भीती असेल तर

इथे प्रश्न पैशाआधी पत्त्याचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा. कागदावरची लाल पूररेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. आपण दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर बघितले. आणि २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे पडला तर धो-धो, नाहीतर उघडीप, हे पुढेही चालणार.

तरीही दुधाळी, शाहूपुरी, सुतारवाडा, नागाळा पार्कचा खालचा भाग, अशा पाणी शिरणाऱ्या ठिकाणच्या लोकांनी पुरासाठी म्हणून मोठी बॅटरी घेऊ नये, असं माझं मत आहे. तुमच्या घरात पाणी शिरणार असेल तर तुम्ही पाहुण्यांकडे किंवा मंगल कार्यालयात असाल. रिकाम्या घरातला फ्रिज चालू ठेवून काय करणार? पुरासाठीची बॅटरी खरी उपयोगाची आहे ती राजारामपुरी, पाचगाव, कळंबा अशा उंचावरच्या घरांना, जिथे पाणी येत नाही पण लाइट जाऊ शकते. आणि पाहुणे तुमच्याकडेच येतात.

किती बॅटरी? १५० एएचची (अँपिअर-तासांची) साधी ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती अॅसिडची बॅटरी कागदावर १.८ युनिटची; निवांत वापरायची तर एक-सव्वा युनिट. तीस वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आणि तीन एलईडी मिळून साठ वॅट, म्हणजे सोळा ते वीस तास. पंचवीसेक हजारांत हे होतं. बहुतेक घरांची गरज इथेच संपते, असं माझं मत.

हायब्रीड म्हणजे सोलर अधिक ५ युनिटची लिथियम बॅटरी. ऑन-ग्रिडपेक्षा लाखभर तरी जास्त, आणि बॅटरीवर अनुदान नाही. फ्रिज, पंखे, वायफाय दीडेक दिवस सहज चालतं. पण पुराच्या दिवसांत आभाळ फाटलेलं असतं आणि मुसळधार दिवशी पॅनल पाव हिस्साही देत नाहीत, त्यामुळे ‘सूर्यावर बॅटरी चार्ज होत राहील’ हे चित्र मे महिन्यातलं आहे. २०१९ ला बालिंगा-शिंगणापूरची उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडे पाणी असून नळ कोरडे पडले. पंप चालवायला वीज असून भागत नाही, टाकीत पाणी लागतं. लाखाच्या बॅटरीआधी गच्चीवर हजार लिटरची जादा टाकी बसवणं शहाणपणाचं.

दवाखाना, घरात ऑक्सिजन मशीनवरचा पेशंट किंवा इन्सुलिन ठेवायचं असेल तर हा सगळा वाद बाजूला ठेवून हायब्रीड घ्या.

हवामानासाठी म्हणून

देशातली साधारण तीन चतुर्थांश वीज कोळशाची आणि सरासरी युनिटमागे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. ३ किलोवॅटचे वर्षाचे चार हजार युनिट धरले तर पावणेतीन टन वाचतात. चांगलं आहे, पण त्याने पंचगंगा एक इंचही खाली येणार नाही. बॅटरीमुळे या आकड्यात फारशी भर पडत नाही, म्हणून ‘पर्यावरणासाठी हायब्रीड’ हा युक्तिवाद मला पटत नाही.

पुढच्या दहा वर्षांत नेट मीटरिंगचे नियम बदलतील. लिथियम बॅटरी २०१० च्या तुलनेत नव्वद टक्क्यांच्या आसपास स्वस्त झाली आहे, अजून होईल. म्हणून माझा कौल: अनुदान आहे तोवर ऑन-ग्रिड आत्ता, अंधारासाठी ट्युब्युलर बॅटरीचा साधा इन्व्हर्टर, आणि मोठी बॅटरी तीन-चार वर्षांनी. थोडे जास्त पैसे घालून आत्ताच हायब्रीड इन्व्हर्टर घेतला आणि बॅटरी नंतर जोडली तरी चालेल, फक्त कोणत्या कंपनीच्या बॅटऱ्या त्याला चालतात ते आधी विचारा.

कोटेशन घेताना तीन गोष्टी लिहून घ्या. इन्व्हर्टर आणि मीटर २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर, जिन्याखाली नाही. डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच, गच्चीवरच, कारण मेन स्विच पाडला तरी दिवसा पॅनलकडून येणाऱ्या वायरींत शेकडो व्होल्ट असतात आणि त्या पाण्यात गेल्या की जीवाशी खेळ. तिसरं, सर्व्हिसला येणारा माणूस कोल्हापूरचा की पुण्याहून येणार. हायवे शिरोलीला पाण्याखाली गेला की पुण्याचा माणूस येत नसतो.