मणक्याचा मार: 24 तासांचा नियम आणि जिल्ह्याचं रुग्णालय

मज्जारज्जूला मार लागलेल्या पेशंटचं ऑपरेशन 24 तासांच्या आत करावं, हे एओ स्पाइन या मणक्याच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत एक पर्याय म्हणून होतं. 2024 मध्ये त्याची ठाम शिफारस झाली. तिच्यामागचा एक महत्त्वाचा आधार म्हणजे 2012 चा स्टॅसिस अभ्यास: उत्तर अमेरिकेतली 6 केंद्रं आणि मानेला मार लागलेले 313 पेशंट. सहा महिन्यांनी ताकद-संवेदना मोजायच्या श्रेणींत दोन किंवा जास्त श्रेणींची सुधारणा लवकर ऑपरेशन झालेल्यांपैकी 19.8 टक्क्यांत दिसली, उशिरा झालेल्यांपैकी 8.8 टक्क्यांत. अभ्यास रँडमाइज्ड नव्हता, म्हणजे कोणाचं ऑपरेशन कधी करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, तरी आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

आपल्याकडे झाडावरून किंवा विहिरीत पडलेला माणूस आधी जीपमध्ये, मग ग्रामीण रुग्णालयात आणि मग जिल्ह्याला येतो. एमआरआय होईपर्यंत दुसरा-तिसरा दिवस उजाडतो. तेव्हा ‘आता घाई कशाला’ हा एक निष्कर्ष निघतो आणि ‘काहीही करून आजच करू’ हा दुसरा. माझ्या मते दोन्ही चूक.

पायात थोडी तरी ताकद किंवा संडासच्या जागी संवेदना शिल्लक असेल, म्हणजे मार अपूर्ण असेल, तर पुस्तकातला नियम जसाच्या तसा पाळायचा. 24 तास उलटून गेले असले तरी पुढचा प्रत्येक तास वाचवायचा. सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र), भूल देणारा आणि मणक्यात स्क्रू घालायची सवय असलेला सर्जन, हे तिन्ही जागेवर असतील तर तिथेच करा. यातलं एक जरी नसेल तर पेशंट स्थिर करून लगेच पाठवा. ‘उद्या बघू’ म्हणून ठेवू नका.

मानेचा सांधा निखळला असेल तर थिएटरशिवायही बरंच करता येतं. कवटीला चिमट्यासारखं धरून वजनाने मान ताणायचं साधन म्हणजे गार्डनर-वेल्स टाँग्स. त्याच्या पिना कानाच्या पाळीच्या वर साधारण 1 सेंटीमीटर, कानाच्या छिद्राच्या रेषेत बसवायच्या. पेशंट पूर्ण जागा आणि बोलणारा हवा. सुरुवात 4–5 किलोने. मग वजन थोडं थोडं वाढवायचं, प्रत्येक वाढीनंतर बाजूचा एक्स-रे आणि हातपायांची तपासणी. ताकद कमी झाली की वजन उतरवायचं. बेशुद्ध किंवा दारूच्या नशेतल्या पेशंटवर हे करू नये.

मार पूर्ण असेल, म्हणजे खाली ताकद किंवा संवेदना काहीच उरली नसेल, आणि पेशंट चौथ्या दिवशी आला असेल, तर हिशेब बदलतो. इथे ऑपरेशनने पाय परत येतील अशी आशा नातेवाइकांना देणं योग्य नाही. फायदा वेगळा आहे: मणका घट्ट झाला की माणसाला लवकर बसवता येतं, कूस बदलणं सोपं होतं, छातीत कफ साठत नाही. लुडविग गटमन या डॉक्टरने इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात 1944 पासून ऑपरेशन न करताही उत्तम निकाल दिले, पण त्याच्याकडे दर दोन-तीन तासांनी पेशंट वळवणारी माणसं होती. आपल्या वॉर्डात रात्री एक सिस्टर किती पेशंट सांभाळते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून अस्थिर मणक्याला मी ऑपरेशनच्या बाजूने कौल देईन, पण तेही दिवसा, अनुभवी हातांनी.

पाय पूर्ण शाबूत असलेल्या कंबरेच्या स्थिर बर्स्ट फ्रॅक्चरला (दाबाने मणका चिरडून फुटणं) मात्र ब्रेस, म्हणजे आधाराचा पट्टा, पुरतो. 2003 मध्ये आलेल्या एका रँडमाइज्ड अभ्यासातही अशा पेशंटना ऑपरेशनने खास फायदा झाला नव्हता.

ज्याला यंत्र लागत नाही ते सोडू नका. सरासरी रक्तदाब किमान 75–80 ठेवा, असं 2024 च्या सूचना म्हणतात. आर्टरियल लाइन (धमनीत नळी घालून सतत दाब मोजणं) नसेल तर कफने वारंवार मोजा. मानेच्या मारात दाब कमी आणि नाडीही मंद असेल, तर नुसती सलाइन ओतून उपयोग नाही, दाब वाढवणारं नॉरअॅड्रेनालिन लागतं. मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मी वगळतो. 2017 च्या सूचनांत पहिल्या 8 तासांत ते एक पर्याय म्हणून आहे, पण आपल्याकडे ती वेळ बहुतेकदा गेलेली असते आणि जंतुसंसर्गाची भीती उरते.

इंप्लांट देशी की आयात, यावर नातेवाईक बराच वेळ घालवतात. तो वेळ ज्या मुलाला किंवा बायकोला पेशंटला घरी सांभाळायचं आहे, त्यांना लघवीसाठी स्वच्छ कॅथेटर (नळी) दिवसातून चार-सहा वेळा घालायला शिकवण्यात गेला तर बरा. हे शिक्षण टाके काढायच्या आधी पूर्ण व्हायला हवं, कारण एकदा गावी गेलेला पेशंट बहुतेकदा थेट बेडसोर किंवा लघवीचा ताप घेऊनच परत येतो.