समुद्र जाऊन जाऊन जाणार कुठे?

मी एकतीस वर्षे एका शासकीय कार्यालयाच्या लेखा शाखेत दुसऱ्यांची प्रवास देयके तपासली, आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या पहिल्याच मोठ्या प्रवासाच्या देयकात एकच बेट दोनदा विकत घेतले. हे लिहायला संकोच वाटतो. परंतु सध्या नागपुरात अंदमानच्या सहलींच्या जाहिराती ज्या प्रमाणात दिसत आहेत, ते पाहता संकोच बाजूला ठेवलेला बरा.

आम्ही चौघे होतो: मी, माझी पत्नी, मेहुणी आणि साडू. धरमपेठेतील एका सहल व्यावसायिकाकडे नोव्हेंबरमध्ये चौकशी केली. (त्याचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.) पत्नीचे गुडघे दुखतात, त्यामुळे आमची अट एकच होती: खोलीतून बाहेर पडल्यावर फार न चालता समुद्र लागला पाहिजे. त्याने मोबाइलवर पांढरी वाळू, उंच झाडी आणि समुद्रात बुडणारा सूर्य अशी छायाचित्रे दाखवली. जुन्या सवयीने मी तपशीलवार हिशेब मागितला आणि तो मिळाल्यावर माझे समाधानही झाले. पाच रात्री, चौघांचे १,५२,००० रुपये. त्यात दोन रात्री पोर्ट ब्लेअर, दोन रात्री ‘हॅवलॉक, समुद्रालगतची कॉटेज’ आणि एक रात्र ‘स्वराज द्वीप, समुद्रालगतची कॉटेज’. बेटांवरील मुक्कामाचा दर प्रत्येक खोलीला रात्रीचे ७,५०० रुपये, आणि हॅवलॉक ते स्वराज द्वीप बोटीचे माणशी १,२०० रुपये.

हॅवलॉक आणि स्वराज द्वीप ही एकाच बेटाची नावे आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप झाले, शेजारच्या नील बेटाचे शहीद द्वीप झाले. आणि पोर्ट ब्लेअरचे अधिकृत नावही २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. व्यवहारात जुनी-नवी नावे सरमिसळ वापरली जातात, आणि अनोळखी ग्राहकाला एकाच जागेच्या दोन पाट्या दाखवणे त्यामुळे सोपे जाते. मी बेरीज तपासली, ती बरोबर होती. नकाशा उघडून पाहिला नाही.

आगाऊ रक्कम देताना आणखी दोन खुणा डोळ्यांसमोर होत्या. रक्कम संस्थेच्या खात्यात न जाता एका व्यक्तीच्या नावाच्या यूपीआयवर गेली, आणि मागूनही जीएसटीचे बिल मिळाले नाही. ‘शेवटी एकदमच देऊ’ असे उत्तर आले. तिसरी खूण निघण्याच्या आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या व्हाउचरमध्ये होती. त्यात हॉटेलच्या नावापुढे ‘किंवा तत्सम’ असे दोन शब्द होते. कार्यालयात एखाद्या पुरवठादाराने हे शब्द लिहिले असते तर मी देयक परत पाठवले असते. येथे मात्र सामान बांधून झाले होते आणि पहाटे सोनेगावचा विमानतळ गाठायचा होता.

बोटीने हॅवलॉकच्या जेट्टीवर उतरल्यानंतर जी गाडी न्यायला आली, ती काही मिनिटांतच एका साध्या, स्वच्छ लॉजसमोर थांबली. पुढे रस्ता, मागे सुपारीची बाग, आणि समुद्र दिसत नव्हता. तो बागेपलीकडे बारा मिनिटांच्या चालीवर असल्याचे कळले. मी नागपूरला फोन लावला. पलीकडून अत्यंत शांत आवाजात उत्तर आले, “काकाजी, बेटच आहे ना ते! समुद्र जाऊन जाऊन जाणार कुठं?”

तरीही आम्ही पत्नीला हात देत देत किनाऱ्यापर्यंत गेलो. दुपारचे तीन वाजले होते, अमावस्या दोन दिवसांवर होती, आणि समुद्र खरोखरच गेलेला होता. जेथे पाणी असायला हवे तेथे चिखलमिश्रित वाळू, धारदार खडक आणि मृत प्रवाळाचे तुकडे दूरवर पसरले होते. कोकणातील माणसाला हे सांगावे लागत नाही. आम्हा नागपूरकरांचे पाणी म्हणजे फुटाळा आणि अंबाझरी, ते सकाळी जेथे असते तेथेच संध्याकाळी असते. समुद्राला दिवसातून साधारणपणे दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढते व उतरते, हे शाळेत शिकलो होतो. खोली निवडताना त्याचा उपयोग असतो, हे मात्र कोणी शिकवले नव्हते.

त्या लॉजचे मालक बंगाली होते. हॅवलॉकवरील बरीचशी वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची आहे, आणि गोविंदनगर, विजयनगर, राधानगर ही गावांची नावे त्याच वसाहतीतली. आम्हाला कोणत्या दराने खोली दिली, असे त्यांना विचारले तेव्हा त्यांनी कोणतेही आढेवेढे न घेता नोंदवही माझ्यासमोर ठेवली: दोन खोल्या, सलग तीन रात्री, प्रत्येकी १,८०० रुपये. म्हणजे आमच्याकडून मुक्कामाचे ४५,००० घेऊन त्यांना १०,८०० दिले जाणार होते, आणि ‘स्वराज द्वीप’ची तिसरी रात्रही याच खोलीत काढायची होती. मालकांविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी १,८०० रुपयांची खोली १,८०० रुपयांना दिली आणि जेवणही उत्तम दिले.

छायाचित्रांतील किनारा कोणता, हेही त्यांनीच एका दृष्टिक्षेपात सांगितले. तो राधानगर होता. राधानगर बेटाच्या पश्चिमेला आहे, जेट्टीपासून सुमारे १२ किलोमीटर. मऊ वाळू, पोहण्याजोगे पाणी आणि समुद्रात मावळणारा सूर्य तेथेच. गोविंदनगर आणि विजयनगर पूर्व किनाऱ्यावर आहेत. बेटावरील बहुतेक हॉटेले, बाजार आणि स्कूबाची दुकाने याच बाजूला आहेत, सूर्योदय सुंदर दिसतो, परंतु सूर्यास्त नाही, आणि ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरता येत नाही. व्हाउचरवरच्या पत्त्यात ‘गोविंदनगर’ स्पष्ट छापलेले होते. पूर्व किनाऱ्यावरच्या हॉटेलसमोर समुद्रात सूर्य मावळत असेल तर छायाचित्र तेथले नाही, एवढे समजायला भूगोलाची पदवी लागत नाही. पण त्यासाठी किनारा कोणत्या दिशेला आहे, हे आधी विचारावे लागते.

ज्यांना जायचे आहे त्यांनी म्हणून खोलीच्या छायाचित्रांआधी गावाचे नाव आणि दिशा विचारावी, आणि हॉटेलचा क्रमांक व्यावसायिकाकडून न घेता स्वतः शोधून, तारीख सांगून, आपल्या नावाने कोणत्या प्रकारची खोली राखली आहे हे थेट विचारावे. आम्ही तो एक फोन केला असता तर दोन मिनिटांत सगळे उघड झाले असते. राधानगरला राहण्याच्या जागा थोड्या आणि महाग आहेत; पूर्वेला राहून तेथे रोज जाणे हाही वाजवी मार्ग आहे, परंतु रिक्षाचा खर्च आधी धरावा. आम्हाला जाऊन-येऊन १,००० रुपये पडले. शिवाय जानेवारीत तिकडे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे नागपूरच्या हिशेबाने ‘संध्याकाळी जाऊ’ म्हणणारा अंधारात पोहोचतो. पहिल्या दिवशी आम्ही तसेच पोहोचलो.

परत आल्यावर लेखी नोटीस दिली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवली. त्यानंतर बोटीचे ४,८०० रुपये ‘कारकुनी चूक’ म्हणून परत आले. खोल्यांच्या फरकाचे ३४,२०० रुपये आले नाहीत. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. वकील न लावता मी स्वतःच तक्रार लिहिली. साडूंचे मत असे की एवढ्या रकमेसाठी या वयात चकरा मारू नयेत. मला आयुष्यभर हेच काम होते, त्यामुळे त्रास वाटत नाही.

तक्रारीसोबत कोटेशन, व्हाउचर, नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र आणि फोनची नोंद जोडली आहे. शेवटचे परिशिष्ट म्हणजे त्या दुपारी साडूंनी किनाऱ्यावर काढलेले छायाचित्र. पत्नी खडकावर चप्पल हातात घेऊन बसली आहे, आणि तिच्या खांद्यामागे, फार दूर, एक बारीक निळी रेघ आहे. त्या रेघेभोवती मी लाल पेनाने गोल करून बाजूला ‘समुद्र’ असे लिहिले आहे.