टॉर्क पाना, दहा महिन्यांनी: आधी स्क्रू बघा, मग गोळ्या विकत घ्या

रायफलवरच्या स्कोपचे, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीचे, स्क्रू ठरलेल्या जोराने आवळायचा टॉर्क पाना मी जानेवारीत घेतला, 60 डॉलरला. त्याचे आकडे इंच-पाउंडात, म्हणजे पिळायच्या जोराच्या मापात असतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा सीझन या वर्षी, 2025 मध्ये, 22 नोव्हेंबरला उघडतोय आणि आपल्यातल्या तिघांनी हा पाना घ्यावा का असं विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. कंपनीचं नाव देत नाही. याच घडणीचे चार-पाच पाने बाजारात आहेत.

गेल्या सीझनचा दुसरा दिवस, 24 नोव्हेंबर 2024. 80 यार्डांवर हरणाची मादी, पूर्ण आडवी उभी, माझी .308 रायफल टेकूवर, घाई काहीच नाही. गोळी खांद्यामागे लागायला हवी होती, ती वीतभर मागे, पोटात लागली. हरण पाठ कमानीसारखी वाकवून, शेपटी दाबून हळूहळू झाडीत गेलं. पोटात लागलेल्या जनावराचं रक्त फार कमी सांडतं. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी उजाडताच परत गेलो. सापडलं नाही. ती रात्र अजून आठवते. ज्याला गोळी घालायची, त्याला ती एकाच गोळीत संपवणारी असावी, एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.

त्या आठवड्यात नेमबाजीच्या रेंजवर कागदावर गोळी टाकली तर 100 यार्डांवर दहा इंच उजवीकडे. मी स्कोपवरचे नेम सरकवायचे क्लिक फिरवत बसलो. दोन डबे संपले. 20 गोळ्यांचा डबा तेव्हा पस्तीस डॉलरच्या आसपास पडायचा, म्हणजे सत्तर डॉलर मातीच्या बांधात गेले. शेवटी स्कोपला हात लावला तेव्हा तो हलला. पुढच्या बेसचे, म्हणजे स्कोपच्या रिंगा ज्यावर बसतात त्या रायफलवरच्या पट्टीचे, दोन्ही स्क्रू बोटांनी फिरत होते.

आता गणित बघा, कारण माझा सगळा जीव याच गणितात अडकलाय. स्कोपच्या दोन रिंगांमधलं अंतर साधारण पाच इंच. पुढचं टोक एका कागदाच्या जाडीइतकं, म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी चार भाग सरकलं, तर 100 यार्डांवर गोळी जवळजवळ तीन इंच सरकते. हरणाच्या छातीतली मर्माची जागा आठ-दहा इंचांची. तीन-चार कागदांची जाडी हलली की तुम्ही काळजाऐवजी पोटात गोळी घातलीत. नेम कितीही चांगला असू दे.

बेसचे हे स्क्रू साडेतीन मिलिमीटर जाडीचे. हाताने 'घट्ट' म्हणजे किती, ते प्रत्येकाच्या मनगटावर असतं. शेजारचे वयस्कर गृहस्थ चाळीस वर्षं शिकार करतात, ते म्हणतात, बोटांनी लावून वर पाव फेरा. त्यांच्या हाताला ते जमतं, माझ्या नाही. माझ्या बेसच्या कागदावर 20 इंच-पाउंड लिहिलंय, रिंगांच्या कागदावर 18. आणि कृपा करून गाडीच्या चाकाचा पाना वापरू नका. त्यावर फूट-पाउंड असतात. एक फूट-पाउंड म्हणजे बारा इंच-पाउंड. 18 चा आकडा त्या पान्यावर लावलात तर स्क्रूचं डोकं तुटून हातात येईल आणि उरलेला तुकडा काढायला गनस्मिथकडे जावं लागेल.

जानेवारीत सगळं उघडलं. भोकं आणि स्क्रू अल्कोहोलने पुसून तेल काढलं, बेसच्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या गोंदाचा) एकेक थेंब, मग पाना लावला. ठरलेल्या आकड्याला पोचला की पाना हातात 'टक्' करून सुटतो, तिथे थांबायचं. रिंगांचे स्क्रू एका बाजूचे पूर्ण आवळायचे नाहीत, तिरपे आलटून पालटून थोडे थोडे. शेवटी प्रत्येक स्क्रूवरून बाजूच्या धातूवर जाईल अशी लाल नेलपॉलिशची बारीक रेघ मारली. स्क्रू सरकला की रेघ तुटते. रायफलच्या लाकडी दस्त्याच्या खालचे, नळीचा भाग दस्त्यात धरून ठेवणारे दोन मोठे स्क्रू त्यांच्या कागदाप्रमाणे 45 ला आवळले आणि त्यांनाही रेघा मारल्या.

तीन महिने खूश होतो. एप्रिलमध्ये सोबत आलेल्या टी-15 बिटचं (स्क्रूच्या डोक्यात बसणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या तुकड्याचं) टोक पिळलं. कंपनीला चार ईमेल पाठवले. बिट झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही, हे एकच उत्तर चारदा आलं. 60 डॉलरच्या संचातलं बिट तीन महिन्यांत जातं हे मला मुळीच पटलेलं नाही, अजूनही नाही. हार्डवेअरच्या दुकानातून तीन डॉलरला चांगल्या पोलादाचं आणलं, ते आजही टिकून आहे.

जूनमध्ये तर पाना कपाटात टाकून दिला. 100 यार्डांवर तीन गोळ्या जिथे दीड इंचात बसायच्या, तिथे तीन इंच पसरायला लागल्या. स्कोपवरच्या सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या. मला वाटलं, पानाच खोटा आकडा दाखवतोय. तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर घेऊ नका म्हणूनच सांगितलं असतं.

ते मत आता मागे घेतो. 1 ऑक्टोबरला खंडेनवमी होती. आमच्या घरी शस्त्र पुसून पूजेला ठेवायची रीत आजोबांपासूनची आहे, तेव्हा विळी, कोयता ठेवत; इथे मी रायफलही ठेवतो. बोल्ट (नळीमागचा सरकता दांडा) बाहेर काढला, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी आणि करंगळीने तपासलं, रायफल पालथी केली आणि दस्त्याच्या पुढच्या स्क्रूवरची लाल रेघ तुटलेली दिसली. केसभरच. 45 वर ठेवून पाना लावला तर स्क्रू जवळजवळ पाव फेरा फिरला आणि मग टक् झालं. माझा दस्ता अक्रोडाचा. इथल्या हिवाळ्यात घरातली हीटरची हवा लाकूड सुकवते, ते आक्रसतं आणि आतली पकड सैल पडते. मी स्कोपकडे बघत बसलो होतो आणि दोष खाली होता. पाना खरं बोलत होता, मीच त्याला जूनमध्ये त्या जागी लावला नाही. पुढच्या रेंजला तीन गोळ्या पुन्हा दीड इंचात.

एक सवय लावून घ्या: काम झालं की आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग कायम दाबलेली राहते.

बाकीची तयारी सगळ्यांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात. नळी साफ करायचा गज नेहमी बोल्टच्या बाजूने घाला, तोंडाकडून नाही. नळीच्या तोंडाची कडा खरचटली तर नेम गेला. चिंधी निळी-हिरवी येते तोवर आत गोळीचं तांबं चिकटलेलं आहे. बोल्टमधलं जाड तेल पुसून काढा. कडाक्याच्या थंडीत ते गोठल्यासारखं होतं, गोळीवर आपटणारी फायरिंग पिन मंदावते आणि चाप ओढूनही बार होत नाही. थंडीतून आल्यावर रायफल लगेच उबदार खोलीत उघडू नका, आतपर्यंत दव धरतं. ज्या गोळ्यांवर नेम जुळवला त्या सोडून सीझनला दुसऱ्याच गोळ्या घेऊन जाऊ नका. आणि रायफल भरलेलीच आहे असं धरून हाताळणं, हा हंटर एज्युकेशनचा (शिकाऱ्यांच्या सुरक्षा प्रशिक्षणाचा) पहिला धडा, घरी टेबलावर पुसतानाही तसाच लागू आहे.

पानाला पाचपैकी चार. एक तारा त्या बिटसाठी आणि त्या चार उत्तरांसाठी कापला. पैसे वसूल झाले का, तर या वर्षी झिरो करायला, म्हणजे स्कोपचा नेम जुळवायला, मला सात गोळ्या लागल्या, गेल्या वर्षी चाळीस.

रविवारी, 9 नोव्हेंबरला, रेंजवर शेवटची फेरी मारली. थंड नळीची पहिली गोळी मध्यापासून इंचभर वर, तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण रानात तीच एक मिळते. रेघा सगळ्या अखंड. नळी धुतलेली नाही आणि 22 तारखेपर्यंत धुणारही नाही. धुतलेल्या, तेलकट नळीची पहिली गोळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो. पाना सध्या शेजारच्या गृहस्थांकडे आहे. त्यांनी स्वतःहून मागून नेला.