बरिल्लाचा फुसिली पास्ता : मुलांसाठी भाज्या घालून झटपट होणाऱ्या जेवणाच्या कसोटीवर

संध्याकाळच्या घाईत मुलांसाठी भरपूर भाज्या घातलेला पास्ता करायचा असेल, तर त्या जेवणाचे बरेचसे यश दुकानात पाकीट निवडतानाच ठरते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. सॉस कितीही निगुतीने केला आणि भाज्या कितीही ताज्या आणल्या, तरी मुळातला पास्ता शिजताना फुटून त्याचा गिचका झाला, तर मुले दोन घासांतच ताटली बाजूला सारतात आणि खापर मात्र भाज्यांवर फुटते. आमच्या घरी बरिल्ला या इटालियन कंपनीचा ५०० ग्रॅमचा फुसिली, म्हणजे पिळाच्या आकाराचा पास्ता, आता नियमाने येतो आणि या परीक्षणात मी त्याच्याकडे एकाच कसोटीवर पाहिले आहे. दोन मोठी माणसे आणि दोन मुले पोटभर जेवतील इतके, निदान निम्म्या भाज्या असलेले जेवण त्यातून अर्ध्या-पाऊण तासात उभे राहते का आणि मुले ते आवडीने खातात का, एवढेच मला पाहायचे होते. उत्तर होकारार्थी आहे. मात्र पास्त्याच्या गुणांचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा, तर तो करण्याची रीत थोडी समजून घ्यावी लागते.

या पास्त्याच्या घटकांत ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी यांखेरीज काही नाही. बरिल्लाची सुरुवात १८७७ साली पार्मा शहरातल्या ब्रेड आणि पास्त्याच्या एका लहान दुकानातून झाली. खुद्द इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे असे ठरवून दिले आहे, आणि त्यामागे केवळ परंपरेचा अभिमान नसून साधे कारण आहे. ड्युरमचा दाणा कठीण असतो, त्यात प्रथिने भरपूर असतात आणि शिजताना त्यातल्या ग्लूटेन या चिवट प्रथिनाचे जाळे पिठूळ स्टार्चला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे पास्ता मऊ होतो पण विरघळत नाही. मैद्याच्या मॅकरोनीचे पाणी पांढुरके आणि दाट होते, तसे याचे होत नाही. उकळून झाल्यावर पातेल्यातले पाणी किंचित गढूळ दिसते आणि पास्त्याचे पीळ अखंड राहतात.

ड्युरम म्हणजे काही परदेशातून आलेले नवलाचे धान्य आहे, असे मात्र समजू नये. आपल्याकडचे बन्सी आणि बक्षी हे जुने गहू ड्युरमच आहेत, आणि शेवयांसाठी, रव्यासाठी महाराष्ट्रातल्या घरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहेत. माझ्या सासूबाईंनी कच्च्या पास्त्याचा एक तुकडा मोडून, तुटलेल्या कडेचा पिवळसर, काचेसारखा झाक असलेला रंग खिडकीच्या उजेडात पाहिला आणि लगेच सांगितले, ‘‘हा बन्सीच्या रव्याचा दिसतोय गं, मैद्याचा नाही.’’ पुण्यातल्या आगरकर रस्त्यावरची आघारकर संशोधन संस्था तर ड्युरमच्या नव्या जाती तयार करण्याचे काम अनेक वर्षे करीत आहे. तिथे विकसित झालेल्या एमएसीएस ४०२८ या ड्युरम वाणात प्रथिनांचे प्रमाण १४.७ टक्के आहे. म्हणूनच ज्यांना आयात केलेला पास्ता घ्यायचा नसेल, त्यांनी देशी पाकीट निःशंकपणे घ्यावे. फक्त घटकांच्या यादीत ‘ड्युरम’ हा शब्द स्पष्ट छापलेला आहे ना, हे पाहावे. नुसते ‘रवा’ किंवा ‘सूजी’ असे लिहिलेले असेल, तर तो साध्या गव्हाचाही असू शकतो, आणि सुट्या वजनावर मिळणाऱ्या मॅकरोनीत नेमके काय आहे, हे तर कळायला मार्गच नसतो.

आता शिजवण्याबद्दल. चौघांसाठी २५० ग्रॅम, म्हणजे अर्धे पाकीट पुरते; मोठ्यांना प्रत्येकी ८० ग्रॅम आणि मुलांना ४५ ग्रॅमच्या आसपास हे प्रमाण भाज्या भरपूर घालणार असाल तर अगदी योग्य बसते. पाणी अडीच लिटर घ्यावे आणि त्यासाठी पाच लिटरच्या प्रेशर कुकरचे भांडे झाकण न लावता वापरावे, कारण घरातल्या बहुतेक पातेल्यांत एवढे पाणी उतू न जाता उकळत नाही. पाणी कमी घातले, तर पास्ता टाकताच त्याची उकळी बसते आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. मीठ लिटरमागे चहाचा एक चमचा पुरे. बहुतेक मीठ पाण्यासोबतच निथळून जाते, पण पास्त्याला आतून चव येते आणि मग सॉसमध्ये वेगळे मीठ जवळपास लागत नाही. पाण्यात तेल घालण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. तेल पाण्यावर तरंगते, निथळताना पास्त्याला माखते आणि मग सॉस त्यावरून घसरून ताटलीच्या तळाशी जमा होतो.

फुसिलीसाठी कंपनीने सुमारे ११ मिनिटे सांगितली आहेत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, आणि शिवाय दातांना कणीदार लागणारा पास्ता लहान मुलांना सहसा रुचत नाही. म्हणून मी १२ मिनिटे धरते. दहाव्या मिनिटाला एक तुकडा काढून मधोमध कापून पाहिला, की गाभ्यात टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका पुसट झाला की आच बंद करावी. या पास्त्याचा मला सर्वांत भावलेला गुण येथे दिसतो, तो असा की एखादे मिनिट इकडे-तिकडे झाले तरी तो बिघडत नाही. मुलांचा गृहपाठ, दाराची बेल आणि गॅसवरचे पातेले हे सगळे एकाच वेळी सांभाळणाऱ्या माणसाला हा दिलासा फार मोठा आहे.

आकारही महत्त्वाचा आहे. स्पॅगेटी लहान मुलांच्या हाताला जमत नाही, आणि पेनेच्या गुळगुळीत नळीत सॉस शिरला तरी भाज्या ताटलीतच राहतात. फुसिलीच्या पिळात मात्र मटारचा दाणा, मक्याचा दाणा, गाजराचा बारीक चौकोन हे सारे अडकून बसते, आणि मुलाने काट्याने एक तुकडा उचलला की भाजी त्याच्यासोबत तोंडात जाते. भाज्या निवडून कडेला लावण्याची ज्या मुलांना सवय आहे, त्यांच्यासाठी एवढ्यानेच निम्मे काम होते. त्यासाठी भाज्यांचे तुकडे मटारच्या दाण्याएवढेच कापावेत. मोठे काप केले तर पिळाचा हा फायदा वाया जातो.

भाज्या शिजवण्यासाठी वेगळे भांडे घेण्याची गरज नाही. पास्ता टाकल्यावर सहा-सात मिनिटांनी त्याच पाण्यात गाजर, श्रावणघेवडा आणि फ्लॉवरचे बारीक तुरे टाकावेत, आणि शेवटच्या तीन मिनिटांत मटार आणि मक्याचे दाणे. सगळे एकदमच शिजून एकाच चाळणीत निथळते आणि गाजराचा रंगही टवटवीत राहतो. निथळण्याआधी त्यातले वाटीभर पाणी काढून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. त्यात उतरलेल्या स्टार्चमुळे सॉस पास्त्याला धरून राहतो. पुण्यात या भाज्यांची चणचण कधी भासत नाही. पावसाळ्यात पुरंदरचा मटार येतो, टोमॅटोसाठी नारायणगावचा बाजार प्रसिद्धच आहे, आणि मंडईत फेरी मारली तर एका पिशवीत आठवड्याच्या भाज्या मिळतात. पास्ता करायचा म्हणून ब्रोकोली आणि झुकिनीच आणली पाहिजे, असे मुळीच नाही. ढोबळी मिरची घालायची असेल, तर मुलांसाठी हिरवीपेक्षा लाल किंवा पिवळी घ्यावी, कारण हिरवी ही कच्ची असते आणि तिचा कडवटपणा मुलांच्या जिभेला चटकन कळतो, तर झाडावर पूर्ण पिकलेल्या मिरचीला गोडवा येतो.

पास्ता उकळत असताना शेजारच्या शेगडीवर सॉस करून घ्यावा. मी त्यासाठी बाटलीतला तयार सॉस वापरत नाही. चार पिकलेले टोमॅटो आणि लाल भोपळ्याची एक मोठी फोड किसून घ्यावी, दोन चमचे तेलात लसणाच्या तीन-चार पाकळ्या ठेचून मंद आचेवर परताव्यात आणि त्यावर हा कीस घालून दहा मिनिटे झाकण ठेवून शिजू द्यावा. भोपळ्याचा कीस टोमॅटोत पूर्ण मिळून येतो, सॉसला दाटपणा देतो आणि टोमॅटोचा आंबटपणा इतका मवाळ करतो की साखर घालावी लागत नाही. रंगही केशरी येतो आणि तो मुलांना आवडतो. मात्र सगळ्याच भाज्या वाटून सॉसमध्ये लपवाव्यात, या सल्ल्याशी मी सहमत नाही. भाजी दिसली पाहिजे, तिचा स्वतःचा स्वाद मुलाला कळला पाहिजे. नाहीतर पास्त्यातला भोपळा आवडीने खाणारे मूल भोपळ्याच्या भाजीला तोंड वेंगाडतच राहील. म्हणून एक भाजी सॉसमध्ये विरघळलेली आणि तीन-चार डोळ्यांना दिसणाऱ्या, असे प्रमाण मी ठेवते आणि सॉसमध्ये काय आहे हे मुलांना सांगूनच वाढते.

गरम, आंबट सॉसमध्ये दूध घातले तर ते फाटते, तेव्हा मलईदार चव हवी असेल तर आच बंद करून दोन चमचे ताजी साय घोटून घालावी. चीजचेही तेच. निथळलेला पास्ता आणि भाज्या सॉसमध्ये ढवळून, काढून ठेवलेले थोडे पाणी घालून, गॅस बंद केल्यावरच चीज किसावे, म्हणजे त्याच्या गाठी होत नाहीत. आपल्याच जिल्ह्यातल्या मंचरला तयार होणारे ‘गो’ या नावाचे चीज आमच्याकडे वापरले जाते; चौघांत मिळून दोन क्यूब पुरतात आणि प्रोसेस्ड चीजमध्ये मीठ पुष्कळ असल्याने त्याहून अधिक घालूही नये.

मिठाचा विषय निघालाच आहे, तर मसाल्याच्या पुडीसकट मिळणाऱ्या तयार पास्त्याच्या पाकिटांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण घाईत हात सहज त्यांच्याकडे वळतो. त्या पाकिटावर छापलेला सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मिठाचे प्रमाण निघते. म्हणजे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते दोन ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे आणि लहान मुलांसाठी त्याहूनही कमी, हे लक्षात घेतले की हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करण्यासारखा आहे. शिवाय त्या पुडीचा स्वाद इतका तीव्र असतो की त्यात भाज्या घातल्या तरी त्यांची चव लागत नाही. वेळेची बचतही मानली जाते तेवढी होत नाही, कारण भाज्या घालायच्या म्हटल्या की त्या धुणे, चिरणे, शिजवणे दोन्हीकडे सारखेच. वरच्या रीतीने अडीच लिटर पाण्याला उकळी यायला घरगुती शेगडीवर जी दहा-बारा मिनिटे लागतात, त्याच वेळात भाज्या चिरून होतात.

दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी हा पास्ता चालतो, पण थोडी काळजी घ्यावी लागते. थंड झाल्यावर त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, तुकडे ताठर होतात आणि सॉस सुकल्यासारखा दिसतो. डब्यात द्यायचा भाग सॉस जरा सैल असतानाच वेगळा काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी दोन-तीन चमचे उकळते पाणी शिंपडून झाकणाखाली वाफ आणावी. तेलात परतून गरम केला तर तो तेलकट होतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्याचा गोळा बनतो.

किमतीच्या बाबतीत हे पाकीट देशी ड्युरम पास्त्यापेक्षा महाग पडते, हे खरे आहे. महिन्यातून एक-दोनदाच करणाऱ्याला तो फरक जाणवणार नाही. ज्यांच्याकडे दर आठवड्याला होतो, त्यांनी चांगल्या देशी ड्युरमचे आणि याचे एकेक पाकीट आणून एकाच दिवशी दोन पातेल्यांत शिजवून पाहावे आणि मग ठरवावे. पूर्ण गव्हाच्या पिठाचा पास्ता आरोग्यासाठी म्हणून घेणाऱ्यांना इतकेच सांगेन की त्याची चव किंचित तुरट आणि पोत खरखरीत असतो, त्यामुळे मुलांना सुरुवातीला तो निम्म्याला निम्मा मिसळून द्यावा. दोन्हींचा शिजण्याचा वेळ वेगळा असल्यामुळे एकाच पातेल्यात त्यांना मागेपुढे टाकावे लागते. ज्या मुलांना गव्हाच्या ग्लूटेनचा त्रास आहे, त्यांना यांपैकी काहीच चालणार नाही. त्यांच्यासाठी तांदळाचा किंवा मक्याचा पास्ता मिळतो. उरलेले अर्धे पाकीट पावसाळ्यात तसेच गुंडाळून ठेवू नये. रव्याप्रमाणे त्यालाही सोंडे लागतात, म्हणून ते कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे आणि बरणीवर पाकिटावरची अंतिम तारीख लिहून चिकटवावी.